माकूळ काय पाहते, ते तिच्या कातडीवर उमटते

बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात पापलेट, सुरमई आणि कोळंबीच्या वाट्यांशेजारी एखाद्या टोपलीत माकूळ पडलेली असते. गिऱ्हाईक तिच्याकडे फारसे निरखून पाहत नाही, कारण कोळीण काही क्षणांत तिची साल ओढून काढते, शाईची पिशवी आणि पाठीतले पांढरे, हलके हाड बाजूला टाकते आणि पांढऱ्याशुभ्र मांसाचे तुकडे पिशवीत भरून देते. या लेखाचा विषय मात्र त्या फेकून दिलेल्या सालीतच आहे. साल काढण्याआधी मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन पाहिले, तर पाठीवर तपकिरी, तांबूस आणि पिवळसर रंगांचे असंख्य बारीक ठिपके दिसतात. माल फारच ताजा असला, तर बोटाच्या स्पर्शाने त्यांतले काही ठिपके फुलतात आणि पुन्हा आक्रसतात. प्राणी मेलेला असला तरी त्याच्या कातडीतले सूक्ष्म स्नायू काही काळ प्रतिसाद देत राहतात. जिवंतपणी हेच ठिपके डोळ्यांनी पाहिलेल्या समुद्रतळाप्रमाणे एका सेकंदाच्या आत बदलत असतात, आणि त्यामुळे वाळूवर बसलेली माकूळ वाळूत आणि खडीवर बसलेली माकूळ खडीत अक्षरशः हरवून जाते.

इंग्रजीत कटलफिश म्हटले जात असले, तरी माकूळ हा मासा नव्हे. ती मृदुकाय प्राण्यांच्या शीर्षपाद गटातली. ऑक्टोपस आणि नळ हे तिचे जवळचे नातलग, तर गोगलगाय, कालवे आणि तिसऱ्या हे दूरचे. तिला आठ हात आणि भक्ष्यावर झेपावणारे दोन लांब सोंडहात असतात, हृदये तीन असतात आणि रक्त तांबेयुक्त असल्यामुळे निळसर दिसते. शंख-शिंपल्यांना बाहेरून कवच असते. माकुळीचे कवच शरीराच्या आत गेले आहे. आयुर्वेदात समुद्रफेन म्हणून आणि पक्षी पाळणाऱ्यांकडे पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवलेले जे पांढरे, भुसभुशीत हाड दिसते, ते हेच. या हाडातल्या पोकळ्यांमधल्या वायूमुळे तिला पाण्यात तरंगणे सोपे जाते, पण अंगावर चिलखत असे काही उरत नाही. मऊ, पौष्टिक आणि विनाकवच असा हा प्राणी मोठे मासे, शार्क आणि डॉल्फिन यांच्या खाद्यसूचीत वर असणार हे उघड आहे. लपणे ही त्याची पहिली संरक्षक फळी आणि शाई सोडून पळणे ही दुसरी.

ठाण्याची खाडी डोळ्यांपुढे ठेवून या प्राण्याची कल्पना करू नये. ऐरोलीच्या पुलावरून दिसणारे ते पाणी गाळाने गढूळ आणि पावसाळ्यात बरेचसे गोडे होणारे आहे. माकूळ पूर्ण खाऱ्या पाण्यात राहते आणि आपल्याकडच्या बाजारात ती बाहेरच्या समुद्रातून, बहुतांशी ट्रॉलरच्या जाळ्यातून येते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पकडल्या जाणाऱ्या माकुळींमध्ये फॅरो कटलफिश, म्हणजे सेपिया फॅराओनिस ही महत्त्वाची जात आहे. दृष्टी आणि मायावरण, म्हणजे भोवतालाशी मिसळून लपणे, यांविषयीचे बहुतेक प्रयोग मात्र युरोपच्या किनाऱ्यावरील सेपिया ऑफिसिनॅलिस या जातीवर झालेले आहेत. पुढे जिथे जातीचे नाव वेगळे दिलेले नाही, तिथे तीच जात समजावी.

प्रथम कातडीची रचना पाहू. सर्वांत वरच्या थरात क्रोमॅटोफोर, म्हणजे रंगकोश असतात. प्रत्येक रंगकोश ही रंगद्रव्याने भरलेली एक लवचीक पिशवी असून तिच्या भोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे साधारण पंधरा ते पंचवीस सूक्ष्म स्नायू जोडलेले असतात. स्नायू आकुंचन पावले की पिशवी चहूबाजूंनी ताणली जाऊन चपटी आणि रुंद होते, रंग पसरतो आणि ठिपका ठळक दिसतो. स्नायू सैल पडले की पिशवी आपल्याच लवचीकपणाने आक्रसून जवळजवळ दिसेनाशी होते. बर्फावरची माकूळ फिकट दिसते ती यामुळेच. तिच्या कातडीतला रंग गेलेला नसतो, तो ताणून धरणारे स्नायू ढिले पडलेले असतात. पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या अंगावर असे लाखो रंगकोश असतात, त्यांत पिवळसर, तांबूस-नारिंगी आणि गडद तपकिरी असे मोजकेच रंग असतात आणि प्रत्येक कोशाची जागा ठरलेली असते. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके तेच राहून ओढलेल्या रेषांप्रमाणे नक्षी बदलते, तसे इथे कोणते ठिपके फुलवायचे आणि कोणते मिटवायचे एवढ्यावर सगळी चित्रे तयार होतात.

रंगकोशांच्या खाली परावर्तक पेशींचे थर असतात. आयरिडोफोर नावाच्या पेशींमध्ये रिफ्लेक्टिन या प्रथिनाची अतिसूक्ष्म तबके एकावर एक रचलेली असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश निळसर, हिरवट किंवा चंदेरी दिसतो. ल्युकोफोर नावाच्या पेशी त्यांवर पडलेला कोणत्याही रंगाचा प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून पांढऱ्या उजेडात त्या पांढऱ्या आणि निळसर उजेडात निळसर दिसतात. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे येणाऱ्या रंगाच्या कोड्याचे अर्धे उत्तर त्यात आहे.

आपल्याकडे रंग बदलण्याचा विषय निघाला की सरडा हमखास आठवतो, आणि राजकारणावर बोलताना तर तो आठवतोच. पण ही तुलना माकुळीवर अन्याय करणारी आहे. बागेतल्या सरड्याच्या नराचे डोके विणीच्या हंगामात लालभडक होते ते मादीला आणि प्रतिस्पर्ध्याला दिसावे म्हणून, लपण्यासाठी नव्हे. माकुळीचे रंगकोश थेट मेंदूतून निघालेल्या चेतातंतूंनी चालतात. मेंदूच्या रंगकोश-खंडांमधून निघालेला तंतू मध्ये कुठेही दुसऱ्या चेतापेशीला संदेश न सोपवता कातडीतल्या स्नायूपर्यंत पोहोचतो, म्हणूनच बदलाला इतका कमी वेळ लागतो. अंगाच्या एका बाजूकडे जाणारी चेता तोडली, तर त्या बाजूचे रंगकोश मिटून कातडी फिकी पडते. दोन्ही बाजूंचे नियंत्रण स्वतंत्र असते याचा एक गमतीदार दाखला ऑस्ट्रेलियातल्या सेपिया प्लँगॉन या जातीत मिळतो: मादी आणि प्रतिस्पर्धी नर यांच्या मधोमध असलेला नर मादीकडच्या बाजूला प्रणयाची नक्षी दाखवतो आणि त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याकडच्या बाजूला मादीची नक्षी धारण करून त्याला गाफील ठेवतो. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी ही लबाडी २०१२ मध्ये नोंदवली.

आता डोळ्यांकडे वळू. माकुळीचे डोळे शरीराच्या मानाने मोठे असतात आणि त्यांमागचे दृष्टिखंड हे तिच्या मेंदूतले सर्वांत मोठे भाग असतात. भिंग, बाहुली आणि दृष्टिपटल अशी रचना आपल्या डोळ्यासारखीच असली तरी ती स्वतंत्रपणे उत्क्रांत झालेली आहे. आपल्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या समोरून जाऊन एका ठिकाणी बाहेर पडतात आणि तिथे अंधबिंदू तयार होतो; माकुळीत हे तंतू मागच्या बाजूनेच निघतात, त्यामुळे तिला अंधबिंदू नसतो. अंधारात गोल असणारी तिची बाहुली भर उजेडात इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकाराची होते. उथळ समुद्रात वरून प्रखर आणि खालून मंद प्रकाश येतो, आणि हा असमतोल सावरायला तो विचित्र आकार उपयोगी पडतो असे एक स्पष्टीकरण आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या डोळ्याला रंग कळत नाहीत. माणसाच्या दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात आणि त्यांच्या प्रतिसादांची तुलना करून मेंदू रंग ओळखतो. माकुळीच्या प्रकाशग्राही पेशींमध्ये एकच दृष्टिरंगद्रव्य असते आणि ते सुमारे ४९२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. तुलनेला दुसरे काही नसल्यामुळे तिला उजेड कमी की जास्त एवढेच समजते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वुड्स होल येथे असलेल्या मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीत लिडिया मेथगर, रॉजर हॅनलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावर होता. त्यांनी माकुळींना दोन रंगांच्या चौकटींच्या पटांवर ठेवले. दोन्ही रंग माकुळीच्या डोळ्याला सारखेच उजळ वाटतील असे निवडले, तेव्हा आपल्याला पट कितीही भडक दिसला तरी माकुळीने तो सपाट, एकरंगी तळ असल्यासारखी साधी नक्षी धारण केली. चौकटींच्या उजळपणात पुरेसा फरक येताच मात्र तिच्या अंगावर ठळक पट्टे उमटले.

इथे एका वेगळ्या मुद्द्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. माकुळीला विचारता येत नाही की तुला काय दिसते. पण तिची कातडी या प्रश्नाचे उत्तर देत असते. कुत्र्याला किंवा कबुतराला काय दिसते हे शोधायचे, तर त्याला आधी खाऊचे आमिष दाखवून शिकवावे लागते. माकुळीला शिकवावे लागत नाही. तिच्याखालची जमीन बदलली की तिने त्या जमिनीतले काय टिपले याचा अहवाल तिच्या पाठीवर आपोआप छापला जातो. मायावरणाच्या या संशोधनातला सर्वांत रंजक भाग मला तरी हाच वाटतो.

मग रंग न दिसणारा प्राणी रंग जुळवतो कसा? एक तर समुद्रतळावरचे रंग आपण समजतो तितके विविध नसतात. वाळू, खडी, शेवाळ आणि खडक यांत पिवळट, तपकिरी, करडे आणि पांढरट रंगच मुख्यतः असतात आणि रंगकोशांमधले रंगही नेमके तेच आहेत. उजळपणा जुळला की या मर्यादित रंगपेटीतून निघालेला रंग बहुधा जवळपास जुळतोच. शिवाय ल्युकोफोर आणि आयरिडोफोर भोवतालचाच प्रकाश परत पाठवतात, त्यामुळे पाणी जितके निळे-हिरवे असेल तितकी छटा आपोआप अंगावर येते. २०११ मध्ये माकूळ आणि तिच्याखालचा तळ यांची अनेक तरंगलांबींमध्ये छायाचित्रे घेऊन, दोन आणि तीन प्रकारच्या रंगग्राही पेशी असलेल्या माशांना ती कशी दिसेल याचे गणित मांडले गेले आणि जुळणी चांगली असल्याचे आढळले. भडक लाल किंवा निळ्या प्लॅस्टिकवर बसवलेली माकूळ मात्र लाल किंवा निळी होत नाही; समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तशा चित्रफितींकडे संशयानेच पाहावे.

यावर आणखी दोन कल्पना पुढे आल्या आहेत. भिंगातून जाताना वेगवेगळे रंग किंचित वेगवेगळ्या अंतरांवर केंद्रित होतात. डब्ल्यू आकाराच्या बाहुलीमुळे ही धूसरता वाढते आणि डोळा पुढेमागे केंद्रित करत माकूळ तिच्यावरून रंगाचा अंदाज बांधत असावी, असा तर्क २०१६ मध्ये मांडण्यात आला. तो चतुर आहे, पण वादग्रस्त आहे, आणि वर सांगितलेल्या चौकटींच्या प्रयोगांशी त्याचा मेळ घालणे अवघड जाते. दुसरी कल्पना अशी की कातडीच प्रकाश ओळखत असावी. माकुळीच्या कातडीत डोळ्यातल्याच दृष्टिरंगद्रव्याच्या जनुकाच्या प्रती आढळल्या आहेत. तथापि कातडीला प्रकाश जाणवणे आणि तिला नक्षी दिसणे यांत फार अंतर आहे. चित्र तयार करायला भिंग लागते आणि ते डोळ्यातच आहे.

रंगाची उणीव माकुळीने दुसऱ्या बाजूने भरून काढली आहे असे म्हणता येईल. प्रकाशलहरी कोणत्या प्रतलात कंप पावतात, म्हणजे प्रकाशाचे ध्रुवण, हे आपल्याला उघड्या डोळ्यांनी जवळजवळ कळत नाही. माकुळीला ते उत्तम कळते. एलसीडी पडद्याचे बाह्य आवरण काढून केवळ ध्रुवणकोनात फरक असलेल्या आकृत्या दाखवल्या, तेव्हा सेपिया प्लँगॉनने सुमारे एका अंशाचा फरकही ओळखल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. पाण्यात पारदर्शक किंवा चंदेरी अंगाचे भक्ष्य शोधण्यासाठी ही दृष्टी फार उपयोगाची आहे.

मायावरणासाठी माकूळ तळातले नेमके काय टिपते, हा खरा गाभ्याचा प्रश्न. हॅनलन आणि जॉन मेसेंजर यांनी १९८८ मध्ये माकुळीच्या अंगावरील नक्षींचे तपशीलवार वर्णन केले आणि पुढच्या काळात हॅनलन यांनी मायावरणाच्या नक्षींचे तीन मुख्य प्रकार मांडले. बारीक वाळूवर अंग एकसारखे दिसते. छोट्या खड्यांवर फिक्या-गडद ठिगळांची चितकबरी नक्षी येते. मोठ्या पांढऱ्या दगडांच्या तळावर पाठीच्या मधोमध पांढरा चौकोन, डोक्यावर पांढरा आडवा पट्टा आणि कडांना गडद भाग अशी ठळक तुकड्यांची नक्षी उमटते. या तिसऱ्या प्रकारात अंग तळाशी तंतोतंत जुळतेच असे नाही. त्याचे काम वेगळे असते. पाहणाऱ्याचा डोळा प्राण्याला त्याच्या बाह्यरेषेवरून ओळखतो. ठळक तुकड्यांमुळे ती रेषा ठिकठिकाणी तुटते आणि शिकारी माशाला माकुळीऐवजी चार-दोन असंबद्ध दगड पडल्यासारखे वाटते.

कोणत्या तळावर कोणती नक्षी हे तपासण्यासाठी पुन्हा काळ्या-पांढऱ्या चौकटींचे छापील पट वापरण्यात आले. चौकटी अगदी लहान असताना अंग साधे राहिले, थोड्या मोठ्या होताच चितकबरे झाले आणि आणखी मोठ्या होताच ठळक तुकड्यांची नक्षी आली. ही मोठी चौकट किती मोठी असावी, याचे उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळाले नाही, माकुळीच्या स्वतःच्या मापात मिळाले. तिच्या पाठीवरच्या पांढऱ्या चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या साधारण ४० ते १२० टक्के क्षेत्रफळाची चौकट असली, की ठळक नक्षी येते. म्हणजे एकाच पटावर लहान पिल्लू ठळक नक्षी आणि मोठी माकूळ चितकबरी नक्षी धारण करू शकते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पांढऱ्या वस्तूचा आकार चौकोनी की लांबट याला फार महत्त्व नसते, तिच्या क्षेत्रफळाला असते. काळ्या तळावर अशा मोजक्या पांढऱ्या चौकटी विखुरल्या तरी तेवढ्या पुरतात. मोठ्या माकुळीला वाळूतला प्रत्येक कण मोजायचा नसतो; तिला आपल्या अंगाएवढ्या जगात आपल्याच पांढऱ्या चौकोनाएवढे उजळ दगड आहेत की नाहीत, एवढे कळले तरी पुरेसे असते.

कडांचेही असेच आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात डॅनियल ओसोरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वस्तूची कड स्पष्ट असणे हा ठळक नक्षीसाठीचा महत्त्वाचा संकेत आहे. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. पूर्ण वर्तुळांऐवजी तुटक कंसांनी सूचित होणारी वर्तुळे पटावर छापली, तरी माकुळीने पूर्ण वर्तुळे असल्याप्रमाणेच नक्षी धारण केली. तेच तुकडे विस्कटून टाकले तेव्हा तसे घडले नाही. अर्धवट गाडलेल्या दगडाची उरलेली कड मनाने पुरी करणे आपण सहज करतो. तेच काम पाठीचा कणाही नसलेला प्राणी करतो, हे त्याच्या कातडीनेच सांगितले.

नुसत्या रंगछटेने भागत नाही, कारण शेवाळलेल्या खडकावर गुळगुळीत अंग उठून दिसते. माकुळीच्या कातडीत पॅपिली नावाचे उंचवटे असतात आणि ते स्नायूंच्या साहाय्याने उभारता किंवा सपाट करता येतात, त्यामुळे तिचे अंग क्षणात खडबडीत दिसू लागते. हे उंचवटे ती तळाला स्पर्श करून ठरवत असेल का? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माकुळींना प्रत्यक्ष वाळू-खडीवर, त्याच वाळू-खडीवर काच ठेवून आणि तिसऱ्या वेळी त्या वाळू-खडीच्या प्लॅस्टिक आवरण घातलेल्या छायाचित्रावर बसवण्यात आले. काचेमुळे स्पर्श वगळला गेला आणि छायाचित्रात खोलीही उरली नाही, तरी पाठीवरचे बारीक उंचवटे तिन्ही ठिकाणी सारखेच उभारले गेले. अंगाला खडबडीतपणा येतो तो डोळ्यांच्या सांगण्यावरून. हे उंचवटे एकदा उभारले की तासाभराहून अधिक काळ चेतांकडून सतत संदेश न मिळताही तसेच राहू शकतात, असे २०१८ मध्ये आढळले. बराच वेळ निश्चल बसणाऱ्या प्राण्याची शक्ती त्यामुळे वाचते. हातांची ठेवणही डोळेच ठरवतात. टाकीच्या भिंतीवर पट्ट्यांचे चित्र लावले, तर माकूळ आपले हात त्या पट्ट्यांच्या कोनात उचलून धरते, जणू आसपासच्या पाणवनस्पतींची पानेच.

तीन प्रकारांची मांडणी समजायला सोपी आहे आणि म्हणूनच ती पाठ्यपुस्तकांत टिकली. परंतु अलीकडच्या कामाने ती अपुरी असल्याचे दाखवले आहे. फ्रँकफर्ट येथील माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत जील लोराँ यांच्या गटाने उच्च क्षमतेचे कॅमेरे वापरून एकेका माकुळीच्या अंगावरील हजारो रंगकोशांचा एकाच वेळी मागोवा घेतला. २०१८ च्या निबंधात त्यांनी कोणते कोश नेहमी एकत्र फुलतात यावरून मेंदूतल्या कोणत्या तंतूंची जोडणी कुणाशी असावी याचा अंदाज बांधला. वाढत्या अंगावर सतत नवे कोश तयार होतात, आधी फिके असतात आणि काही आठवड्यांत गडद होतात, हेही त्यातून दिसले. एवढी उलथापालथ चालू असताना नक्षी मात्र विस्कटत नाही.

त्याच गटाचा २०२३ चा निबंध अधिक महत्त्वाचा वाटतो. माकूळ तीन ठरावीक नक्षींतून एक निवडते, असे तिथे आढळले नाही. तिच्या नक्षी असंख्य बारकाव्यांनी एकमेकींहून वेगळ्या असतात. नव्या तळावर गेल्यावर ती थेट अंतिम नक्षीवर उडीही मारत नाही. ती थोडी बदलते, थांबते, दिशा दुरुस्त करते, पुन्हा बदलते, आणि अशा टप्प्याटप्प्याने तळाच्या जवळ येते. त्याच तळावर पुन्हा आणले तर शेवटी ती तशाच नक्षीपाशी पोहोचते, पण वाट वेगळी असते. नक्षी जमली की नाही हे ती कुठल्यातरी मार्गाने पडताळून पाहते, असा याचा अर्थ होतो. भीती वाटल्यावर ती पांढरीफटक पडते तेव्हाची गोष्ट निराळी: धोका टळताच ती थेट आधीच्या नक्षीवर परतते, जणू ती नक्षी भीतीच्या खालीही जपून ठेवलेली होती.

मायावरण जमले की नाही याचा निवाडा शेवटी शिकारी प्राणी करतो, आणि सगळे शिकारी डोळ्यांनीच शोधतात असे नाही. २००७ च्या एका प्रयोगात लहान माकुळींना वेगवेगळे शत्रू दाखवण्यात आले. डोळ्यांवर विसंबणारा मासा जवळ येताच त्यांनी पाठीवर मोठे काळे डोळे उमटवून त्याला दचकवण्याचा प्रयत्न केला. वासावर विसंबणाऱ्या लहान शार्क आणि खेकड्यांपुढे मात्र त्यांनी हा देखावा केला नाही, त्या सरळ पळाल्या. शार्कसारख्या शत्रूला भक्ष्याभोवतालचे क्षीण विद्युतक्षेत्रही जाणवते. त्यावर माकुळीने उपाय योजला आहे: मोठी सावली अंगावर येताना दिसली की ती गोठल्यासारखी स्थिर होते, श्वसनाचा वेग मंदावते आणि हातांनी पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचे व अंगाच्या पोकळीचे तोंड झाकून अंगातून बाहेर पडणारी विद्युतखूण क्षीण करते. इथेही आधी डोळा पाहतो, मग शरीर गप्प होते.

रात्रीही हे काम थांबत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात व्यालाजवळ हिवाळ्यात महाकाय माकुळी विणीसाठी मोठ्या संख्येने जमतात. तिथे पाण्याखालच्या दूरनियंत्रित कॅमेऱ्याने रात्री घेतलेल्या चित्रांत बहुतेक माकुळी आपापल्या तळाशी जुळलेल्या आढळल्या. आपल्या डोळ्यांना मिट्ट वाटणाऱ्या अंधारातही त्यांना तळातले फरक टिपता येतात आणि रात्री शिकार करणाऱ्या माशांनाही ते दिसत असणार, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

हे कौशल्य जन्मजात असते की शिकावे लागते? अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिल्या दिवसापासून लपू शकते, आई-बाप त्याला काहीच शिकवत नाहीत, आणि त्याचे आयुष्यही साधारण एक ते दोन वर्षांचेच असते. तरीही पाहण्याची सुरुवात त्याहून आधी होते. अंड्याचे कवच पारदर्शक होत गेल्यावर गर्भाला बाहेरचे दिसू लागते, आणि अंड्यात असताना ज्यांना खेकडे दाखवले गेले, त्या पिल्लांनी बाहेर आल्यावर खेकड्यांनाच अधिक पसंती दिल्याचे २००८ मध्ये दिसून आले. मायावरणाबाबत असाच प्रश्न तैवानमधील त्सिंग हुआ राष्ट्रीय विद्यापीठात चुआन-चिन च्याओ यांच्या गटाने विचारला, आणि त्यासाठी त्यांनी वापरली ती दिवाळ्याच्या टोपलीतलीच जात, सेपिया फॅराओनिस. काही पिल्ले साध्या, एकसुरी टाक्यांत आणि काही दगड-वनस्पतींनी भरलेल्या टाक्यांत वाढवली गेली. पुढे त्यांच्या कातडीवरील नक्षी सारख्याच रीतीने परिपक्व झाल्या नाहीत. लहानपणी डोळ्यांसमोर किती फरक होते, याचा परिणाम मोठेपणीच्या मायावरणावर झालेला दिसला.